सरांसारखीच दाढ

हेडसरांचा डावा गाल उजव्यापेक्षा मोठा झाला होता, आणि हे त्यांना अर्धी दाढी करून झाल्यावर कळलं. आधी त्यांनी साबणाच्या फेसाला दोष दिला. फेस धुतला तरी गाल जिथल्या तिथे, मग आरशाला दिला. न्हाणीघरातला आरसा सोडून ते बाहेरच्या खोलीतल्या आरशाकडे गेले. तिथेही तोच गाल त्यांची वाट बघत होता.

"अहो, फरशीवर साबण गळतोय," असं म्हणत बायकोनं वर पाहिलं आणि ती ओरडली, "अगंबाई! गालगुंड!"

"हळू बोल. भिंतीला कान असतात."

"भिंतीला असतील. तुमचा तर कान गालात बुडालाय!"

त्या दिवसांत गालगुंडाची साथ जोरात होती. शाळा चालू ठेवायची की बंद, यावर नुकतीच पालकसभा झाली होती. पालक इतक्या हिरिरीनं भांडले की शेवटी शेवटी चालूवाले बंदच्या बाजूनं आणि बंदवाले चालूच्या बाजूनं बोलू लागले, आणि तरी भांडण काही थांबलं नाही. बंदवाल्यांचा पुढारी होता शाळेसमोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक. त्याला सगळे केमिस्ट म्हणत. "मुलांचा जीव मोठा की पाढे मोठे?" असं त्यानं टेबलावर हात आपटून विचारलं, तेव्हा हेडसर उठले आणि भरसभेत बोलून गेले, "गाल सुजलेलं मूल फाटकातून परत जाईल. आणि माझ्या एकाही शिक्षकाला गालगुंड झालं, तर त्याच दिवशी शाळेला कुलूप! मीही त्यात आलोच." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की हेडसर नेहमी एक वाक्य जास्त बोलत; शेवटचं वाक्य तसलंच होतं.

आणि महिनाअखेरीला हेडसर निवृत्त होणार होते. शाळा आत्ता बंद झाली, तर ती उघडेपर्यंत त्यांच्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं असणार. जन्मभर "गप्प बसा" असं ओरडत आलेल्या या माणसाला गप्प बसलेल्या शाळेतून निघून जायची भीती वाटत होती. ही भीती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. त्यामुळे ती फक्त बायकोलाच ठाऊक होती.

"दाढ," हेडसर म्हणाले.

"काय दाढ?"

"दाढ सुजलीय. कुणी विचारलं तर दाढ."

"आणि उद्या माझा गाल सुजला तर काय सांगू? नवऱ्याची दाढ दुखते म्हणून?"

हेडसरांनी उरलेली अर्धी दाढी उरकली, गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि ते निघाले.

फाटकात खेळाचे शिक्षक उभे होते. त्यांच्या तोंडात कायम शिट्टी असे, म्हणून सगळी शाळा त्यांना शिट्टीसर म्हणे. प्रत्येक मुलाचा गाल बघून आत सोडायचं काम हेडसरांनीच त्यांना दिलं होतं. सुजलेला गाल दिसला की शिट्टी वाजायची आणि मूल घरी.

"सर, गाल..." शिट्टीसर म्हणाले.

"दाढ."

नियम सांगत होता शिट्टी वाजवा, आणि नियम करणारा सांगत होता दाढ. शिट्टीसरांनी शिट्टी ओठांत धरली, छाती भरून श्वास घेतला आणि तसाच नाकावाटे सोडून दिला.

हेडसर खोलीत जाऊन बसले. आपल्यामुळे कुणाला लागण नको, म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, खुर्ची कोपऱ्यात ओढली आणि येणाऱ्या प्रत्येकाला दारातूनच वाटेला लावलं. शाळा चालू राहावी म्हणून आलेल्या माणसाला एकाही वर्गात पाऊल टाकता येईना. हे सगळं नक्की कशासाठी चाललंय, असा विचार मनात येत होता, पण गाल इतका ठणकत होता की विचार पुरा होत नव्हता.

तेवढ्यात समोरून रस्ता ओलांडून केमिस्ट आला.

"सर, हा गाल काही मला सरळ वाटत नाही."

"दाढ आहे."

"असेल तर दाताच्या डॉक्टरला दाखवा. माझ्यासमोर."

दाताचे डॉक्टर पलीकडच्याच रस्त्यावर होते आणि हेडसरांचे जुने विद्यार्थी होते. निरोप गेल्यावर ते पेटी घेऊन धावत आले आणि सवयीनं दारातच थांबले. "आत येऊ का, सर?"

जंतू बाहेर पडू नयेत म्हणून हेडसरांनी तोंड जेमतेम बोटभर उघडलं. डॉक्टरांनी बॅटरी आत रोखली.

"कुठली दुखते, सर?"

दुखत होता अख्खा जबडा. पण अख्खा जबडा म्हटलं की गालगुंड ठरणार! हेडसरांनी हाताला लागली त्या दाढेवर बोट ठेवलं.

"ही तर चांगली दिसते, सर. जरा मोठं तोंड उघडलंत तर मागची..."

"आता तू मला शिकवणार?"

डॉक्टरांना पाचवीचा वर्ग आठवला. त्यांची मान आपोआप खाली गेली. "नाही, सर," ते म्हणाले आणि त्यांनी सुईत औषध भरलं. थोड्याच वेळात एक पांढरीशुभ्र, निरोगी दाढ टेबलावरच्या बशीत पडली. केमिस्ट ती उलटसुलट करून बघत राहिला. दाढ प्रत्यक्ष समोर असताना बोलणार काय? तो गुमान परत गेला.

हेडसर जिंकले होते. त्यासाठी एक दाढ गेली होती, पण शाळा वाचली होती. घरी बायकोनं विचारलं, "आता कसं वाटतंय?" तेव्हा त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी ही गर्दी! बघावं तिकडे मफलर, ओढण्या, रुमाल. कुणाचा डावा गाल बांधलेला, कुणाचा उजवा. एकानं दोन्ही बांधले होते आणि तो श्वास घ्यायला मधेमधे गाठ सैल करत होता. शिट्टीसर घामाघूम झाले होते.

"सर, सगळ्यांची दाढ दुखते!"

"सगळ्यांची?"

"पालकांनी तसं सांगून पाठवलंय. मी अडवलं की म्हणतात, सरांना चालतं मग आम्हाला का नाही? मी शिट्टी वाजवू की नको, एवढंच सांगा."

रांगेत सगळ्यात पुढे पहिलीतली एक चिमुरडी होती. निळ्या रुमालात तिचा गाल चेंडूएवढा टम्म झाला होता. अंगात ताप असावा, डोळे मिटत होते. ती केमिस्टची मुलगी होती.

"काय झालं गं तुला?"

"दाढ," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलंय, सरांसारखीच दाढ आहे म्हणायचं."

"अगं, तुझे बाबा तर शाळा बंद करा म्हणत होते ना?"

"हो. पण आजारी म्हणून घरी ठेवलं तर मला सांभाळणार कोण? मी दुकानात गोळ्या सांडते." तिनं हेडसरांकडे नीट बघितलं. "सर, तुमची दाढ काढली तरी दुखते?"

हेडसरांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. समोर दुकानात केमिस्ट पाठ करून उभा होता आणि रिकाम्या फळीवरची धूळ पुसत होता. त्याला हाक मारून चारचौघांत जाब विचारता आला असता. पण कुठल्या तोंडानं? आपल्या एका थापेचं बोट धरून ही अख्खी रांग इथवर आली आहे, हे हेडसरांना दिसत होतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

ते खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि ध्वनिक्षेपक सुरू केला.

"मी हेडसर बोलतोय. माझी दाढ दुखत नाही. मला गालगुंड झालंय. मी खोटं बोललो. शब्द दिल्याप्रमाणे शाळा आजपासून बंद. ज्यांची ज्यांची दाढ दुखते, त्यांनी आधी घरी जावं."

मुलांनी आनंदानं अशी आरोळी ठोकली की खिडकीची तावदानं थरथरली. आयुष्यात पहिल्यांदाच हेडसरांनी त्यांना गप्प केलं नाही.

संध्याकाळी बायकोनं त्यांना ओढतच मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गाल दाबला, कानाखाली दाबला, आ करायला लावला आणि विचारलं, "हे गालगुंड आहे असं कुणी सांगितलं?"

"म्हणजे? नाही?"

"मागच्या दाढेत गळू झालंय. सडलीय ती. आणि तिच्या शेजारची कुठे गेली?"

"ती काढली."

"का?"

बायकोनं पदर तोंडावर धरला. काळजीनं धरला असं ती पुढे सांगत असे.

हेडसरांनी घरी पोचताच शिट्टीसरांना फोन लावला. "अहो, दाढच आहे!"

"हो, सर."

"अहो, खरोखरची दाढ!"

"समजलं, सर. माझीसुद्धा दुपारपासून दाढच आहे. दोन्हीकडे."

हेडसरांनी फोन खाली ठेवला. खोटं बोलले तेव्हा अख्ख्या शाळेनं मान डोलावली होती, आणि आता खरं बोलत होते तर समोरचा डोळा मारत होता. शिट्टीसरांचे गाल बघता शाळा कशीही बंदच पडणार होती. म्हणजे चूक नक्की कुठे झाली, हे काही त्यांना सापडेना. दाताचे डॉक्टर पुन्हा पेटी घेऊन आले आणि "कुठली, सर?" असं विचारू लागले. तेव्हा हेडसर एवढंच म्हणाले, "ते तू सांग बाबा. जन्मात एकदा तरी मला चूक म्हण." डॉक्टर घाबरत घाबरत म्हणाले आणि बरोबर दाढ निघाली.

निवृत्तीच्या दिवशी शाळा बंदच होती. हेडसरांनी एकट्यानं सगळ्या वर्गांतून चक्कर मारली, फळे पुसलेलेच होते तरी पुन्हा पुसले, खोलीला कुलूप लावलं आणि ते फाटकाबाहेर आले. ज्याची भीती होती तेच झालं होतं. त्यांनी मफलरच्या टोकानं डोळे पुसले; या वेळी दाढेवर ढकलायचीही सोय नव्हती.

"सर! दाढ कशी आहे?"

त्यांनी वर पाहिलं. एका खिडकीत गाल बांधलेला एक पोरगा उभा होता. मग शेजारची खिडकी उघडली, मग समोरची. "सर, दाढ! सर, इकडे!" घरात अडकून कंटाळलेली पोरं गजांना लटकून ओरडू लागली. हेडसर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि बोट दाखवत एकेकाला हाक मारू लागले. वरून "हजर, सर!" येत गेलं.

औषधाच्या दुकानावरच्या खिडकीतून सगळ्यात मोठा आवाज आला. "हजर! सर, माझा गाल बरा झाला! आता बाबांना झालंय. सरांसारखीच दाढ!"

खाली केमिस्टनं मफलर डोळ्यांपर्यंत ओढला आणि दुकानाचं शटर घाईघाईनं खाली घेतलं. सगळ्या खिडक्या एकदम खिदळल्या.

"गप्प बसा!" हेडसर सवयीनं ओरडले.

कुणीही गप्प बसलं नाही. हेडसर मग बराच वेळ तिथेच उभे राहून ऐकत राहिले.