दस्तगीरभाईंकडचा जपानी गोंगाट

भाच्यानं ओसाकाहून पाठवलेली कॅसेट दस्तगीर शिकलगारांनी लावली, तेव्हा तिच्यातला गोंगाट बाहेर आला आणि कॅसेट संपल्यावर परत आत गेला नाही. मिरजेतल्या त्यांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात, सुकत ठेवलेल्या भोपळ्यांशेजारी त्यानं बूड टेकलं आणि तिथंच राहिला.

त्यांनी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामू, जपा त्याला. त्या बँडची पोरं घरातच वाजवतात, घरातच कॅसेट भरतात. दुकानात देत नाहीत. आणि एकीवरून दुसरी काढत नाहीत, दर कॅसेटला नव्यानं धिंगाणा घालतात. तुमच्याकडं आहे तो जगात दुसरीकडं नाही."

दस्तगीरभाई एकटा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि सगळा जन्म तंबोरे जुळवण्यात गेलेला. कानाला सारखं काही ना काही खटकायचं. कुणाचा खर्ज उतरलेला, कुणाची तार गुंजत नाही. गोंगाटात मात्र सगळंच खटकणारं, त्यामुळं वेगळं असं काही खटकायचंच नाही. त्यांच्या कानांना पहिल्यांदा सुट्टी मिळाली. सकाळी कुलूप काढलं की तो पत्रे आपटल्यासारखा अंगावर यायचा आणि हे म्हणायचे, "हो हो, आलो बाबा." आता खोटं कशाला बोला, पोटच्या पोरासारखा जीव लावला होता त्याला.

पण गल्ली ती गल्लीच. मंडळाचे अध्यक्ष आवटी येऊन खुर्चीत बसले.

"तक्रार पाहुण्याबद्दल नाही," ते म्हणाले. "पाहुणा येतो, राहतो. पण तो कोणत्या सुरात आहे?"

"सुरात नाही तो."

"मग पंचाईत आहे. वाद्यवाल्यांची गल्ली आपली, आवाजाचं कुणाला काही नाही. पण बेसूर कुणालाच राहू दिलेलं नाही. पिठाच्या गिरणीलासुद्धा आपण काळी चारचा सूर लावून घेतला."

"नाहीतर?"

"नाहीतर परत पाठवा. पण तुमचा हात बसलेला आहे, भाई. थोडं वळण लावा की."

परत कसा पाठवणार? कॅसेटमध्ये तो आता मावत नव्हता; इथं येऊन चांगला अंगानं भरला होता. शेवटी दस्तगीरभाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि बारीक कानस काढली. अध्यक्षांच्या कानापुरता वरवरचा सूर लावायचा, एवढंच ठरवलं होतं. पण एक खरखर घासली की तिच्याखालची दुसरी उघडी पडायची, आणि ती तशीच सोडणं त्या हातांना कधी जमलंच नव्हतं. गोंगाट आधी किंचाळला, मग कण्हला, मग षड्ज लावून गप बसला.

"शाब्बास," दस्तगीरभाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. त्या शब्दाची त्यांना पुढं फार लाज वाटली.

आवटींनी डोळे मिटून ऐकलं, परवानगी दिली आणि चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं, तर अंगावर काही आलं नाही. भिंतीशी तयार तंबोरे उभे होते, वाऱ्यानं मंद गुंजत होते, सगळे एका सुरात. त्यातला तो कोणता, हे दस्तगीरभाईंनाही कळेना.

"आहेस का रे?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी मिळून अदबीनं सा दिला.

भाच्याला सांगायचं तोंड नव्हतं. त्यांनी विक्री थांबवली आणि एकेक तंबोरा पुढ्यात घेऊन त्याच्या खुंट्या उलट्या पिळायला लागले. "ओरड," ते म्हणायचे, "मी काही म्हणणार नाही." जन्मभर जुळवणारा माणूस आपल्याच हातानं बिघडवत बसला. एकेक तंबोरा निमूट उतरत गेला, नुसता बेसूर झाला. ओरडलं कुणीच नाही.

शेवटच्या तंबोऱ्याशी त्यांचा हात थांबला. हाही नुसताच उतरला, तर पुढं विचारायचं कुणाला? तो त्यांनी सुरातच ठेवला आणि बाकीचे पुन्हा जुळवून विकायला काढले.

गिऱ्हाइकाचा हात त्या एकाकडं गेला की ते सांगतात, "तो नाही द्यायचा. त्यात घरचं माणूस असेल."

गिऱ्हाईक मान डोलावतं आणि दुसरा दाखवा म्हणतं.