प्रीॲम्पचे निव्वळ वजन

प्रत्येक नोकरदार माणसाचा एक अवयव नोकरीचा असतो आणि बाकीचे घरचे. तलाठ्याचा अंगठा, मास्तरांचा घसा, कंडक्टरचे कोपर, पतपेढीच्या मॅनेजरची मान (ही फक्त आडवी हलते). निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन बाकीचा माणूस घरी पाठवला जातो. तो एक अवयव मात्र पुढे कित्येक वर्षे ड्यूटीवरच असतो, आणि त्याचा जाच घरच्यांना होतो.

वणीचे धर्मपाल तामगाडगे यांचा तो अवयव म्हणजे उजवा कान. (डावा त्या मानाने साधा होता.) कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर ते एकतीस वर्षे काटाबाबू होते. भरलेला ट्रक काट्यावर चढताना जो कण्हतो, तेवढ्यावरून आत किती टन माल आहे हे ते आकडा उमटण्याआधी सांगत. आकडा आणि धर्मपाल यांचे जुळले नाही, तर काटा तपासायला माणूस बोलावला जाई. ड्रायव्हर लोक त्यांना ‘कानवाले बाबूजी’ म्हणत. माणसाला मनापासून दिलेली पदवी आयुष्यात एखादीच मिळते. धर्मपालांना ही मिळाली होती आणि ती त्यांना जिवापाड प्रिय होती.

निवृत्तीनंतर एवढ्या कानाला काही काम हवे म्हणून त्यांनी हॉलमध्ये होम थिएटर बसवले. पाच स्पीकर आणि एक गुरगुरणारा ठोकळा. चार वर्षे ते सुखाने ऐकत होते. मग एके दिवशी बसस्टँडजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या रजतने त्यांना सहज विचारले, “काकाजी, प्रीॲम्प कोणता हाय तुमच्याकडं?” डॉक्टर ज्या सुरात ‘मागची शुगर कधी तपासली होती’ असे विचारतात, त्याच सुरात त्याने हे विचारले. धर्मपालांकडे प्रीॲम्प नव्हता. त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही.

प्रीॲम्प म्हणजे काय, हे इथे सांगणे भाग आहे. आवाज मोठा करण्याचे काम ॲम्प्लिफायर करतो. प्रीॲम्प त्याच्या आधी बसतो. टीव्हीकडून किंवा पेनड्राइव्हकडून आलेला आवाज तो हातात घेतो, नीट लावतो आणि पुढे पाठवतो. कचेरीतला आवक-जावकचा बाबू अर्ज साहेबांकडे पाठवतो, तसा. साधा प्रीॲम्प हे करताना आवाजात स्वतःचे थोडेफार घालतो. उत्तम प्रीॲम्प काहीच घालत नाही. म्हणजे यंत्र जितके कमी करील तितके महाग, आणि रजतने दाखवलेले यंत्र जवळजवळ काहीच करत नव्हते. काहीही न करण्याचा एवढा मोबदला धर्मपालांनी आजवर एका साहेबालाच घेताना पाहिला होता, त्यामुळे मालाविषयी त्यांच्या मनात एकदम आदर निर्माण झाला.

यंत्र घरी आले. रंग काळा, बटण एक, वजन अकरा किलो चारशे ग्रॅम (धर्मपालांनी खोक्यासह आणि खोक्याविना केले). पहिल्या संध्याकाळी ते एकटेच समोर बसले आणि ऐकू लागले. आधी प्रीॲम्पविना, मग प्रीॲम्पसह. मग उलट. मग डोळे मिटून.

त्यांना काहीही फरक ऐकू आला नाही.

ते घाबरले. हे स्पष्ट लिहिलेले बरे. फरक नसेल तर दोनच गोष्टी शक्य होत्या: एकतर यंत्र खोटे, नाहीतर कान गेला. यंत्राबरोबर बहात्तर पानी पुस्तिका होती. कानाबरोबर असे काही नव्हते.

यंत्र सात दिवसांत परत करायची सोय होती. पण त्यासाठी रजतच्या दुकानात एक फॉर्म भरावा लागे, आणि त्यात छापील ओळ होती: ‘मला आवाजात फरक ऐकू आला नाही.’ खाली सही, आणि दोन साक्षीदार. रजतच्या दुकानासमोरच्या बाकावर खाणीतली निवृत्त मंडळी रोज सकाळी नऊपासून बसलेली असत. म्हणजे दवंडी न पिटताही साडेनऊला सगळ्या वणीला कळणार होते की कानवाल्या बाबूजींना ऐकू येत नाही.

तेव्हा धर्मपालांनी असा प्रसंग आला की जे कोणतेही कार्यालय करते, ते केले. समिती नेमली.

श्रवण समितीत चार सदस्य होते. अध्यक्ष स्वतः धर्मपाल. दुसरा लालसिंग, सत्तावीस वर्षे खाणीत डंपर चालवलेला. तो आवाज कानाने ऐकत नसे. समोर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवून पाणी किती थरथरते ते बघे. तिसऱ्या विमलताई, निवृत्त शिक्षिका. त्या शाळेत प्रार्थना सांगत, म्हणून संगीतातल्या तज्ज्ञ. चौथ्या कौसल्याबाई, म्हणजे अध्यक्षांची पत्नी. त्यांची निवड चहाच्या सोयीसाठी झाली होती, परंतु सदस्य केल्यावर मत घेणे ओघानेच आले. रजत सचिव झाला. (विक्रेताच सचिव असावा की नाही यावर चर्चा झाली नाही.)

कार्यपद्धती काट्याचीच ठरली. आधी रिकामा ट्रक तोलायचा, मग भरलेला. दोन्हींची वजाबाकी म्हणजे माल. धर्मपालांना दुसरी रीत माहीत नव्हती आणि तिची कधी गरजही पडली नव्हती. त्यानुसार प्रीॲम्पविना आवाज हा रिकामा, प्रीॲम्पसह आवाज हा भरलेला, आणि मधला फरक प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचा. फरक कशात लिहायचा, असा प्रश्न विमलताईंनी काढला. पाऊण तास विचार करून तो किलोत लिहावा असे ठरले, कारण टनात लिहिण्याइतकी खात्री कोणालाच नव्हती.

ऐकायचे काय, याबद्दल अध्यक्ष ठाम होते. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मोबाइलवर एका चौदाचाकी ट्रकचा काट्यावर चढतानाचा आवाज भरून घेतला होता. चौदा मिनिटांचा. त्यात शेवटी ड्रायव्हर तंबाखू थुंकतो. आवाजाचा खरा कस इथेच लागतो, असे धर्मपालांचे मत होते.

चाचण्या सलग चार संध्याकाळी झाल्या. अडचणी आल्या. घर चंद्रपूर रस्त्याला लागून असल्यामुळे बाहेरूनही ट्रक जात, आणि मालात भेसळ होई. लालसिंग दोनदा खिडकीशी जाऊन ‘येऊ दे, येऊ दे’ असे हात करून आला. एकदा तो ट्रक प्रीॲम्पमधला होता, एकदा रस्त्यावरचा. दोन्ही नोंदी यंत्राच्या बाजूने धरण्यात आल्या. तिसऱ्या दिवशी ऐन चाचणीत लाइन गेली. ती गेल्याचे सदस्यांच्या लक्षात यायला सहा मिनिटे लागली (डोळे मिटलेले होते), आणि त्या सहा मिनिटांतला सरासरी फरक सर्वांत जास्त भरला.

चार दिवसांचे आकडे असे: लालसिंग पाच किलो. “पाणी उसळून राह्यलं ना भाऊ, आनखी काय पाह्यजे?” विमलताई दोन किलो सातशे, “खालच्या सुरात गोडवा आलाय” या शेऱ्यासह. अध्यक्ष तीन किलो. हा आकडा अध्यक्षांनी दोनदा खोडून लिहिला.

कौसल्याबाई: शून्य.

“काहून शून्य?” धर्मपालांनी विचारले.

“मले तं काही फरक वाटून नाही राह्यला,” कौसल्याबाई म्हणाल्या. “पयले बी ट्रक होता, आता बी ट्रकच हाय.”

“नीट ऐक जरा.”

“नीटच ऐकलं. त्यो ड्रायवर दोन खेपा थुकते. दुसऱ्या खेपेस लहान थुकते. ते पयले बी ऐकू येत होतं.”

दुसऱ्या खेपेचे थुंकणे आजवर कोणीच ऐकलेले नव्हते. धर्मपालांनीही नाही, आणि तो आवाज तर त्यांनी स्वतः भरला होता.

परंतु समितीपुढे प्रश्न थुंकण्याचा नव्हता, सरासरीचा होता. एका शून्याने सरासरी दोन किलो सहाशे पंचाहत्तरवर आली होती. लालसिंगने काट्याचा नियम सांगितला: मालाने भरलेला ट्रक उभा असताना काटा शून्य दाखवत असेल, तर दोष काट्याचा. रजतने दुजोरा दिला. त्यानुसार ठराव झाला की कौसल्याबाईंचे कान यवतमाळला नेऊन तपासून आणावेत. ठराव बहुमताने संमत झाला. कौसल्याबाई त्या वेळी कप विसळत होत्या.

यवतमाळच्या दवाखान्यात काचेची एक खोली होती. आत बसून कानावर हेडफोन लावायचा, बारीक ‘टू’ ऐकू आले की बटण दाबायचे. कौसल्याबाईंनी इतक्या वेळा बटण दाबले की डॉक्टरांनी मशीन बरोबर आहे ना ते बघितले. मग म्हणाले, “बाईंचे कान पंचविशीतल्या मुलीचे आहेत. काका, आता आलाच आहात, तुम्हीही बसून घ्या.”

धर्मपाल आत बसले. काट्यावर बसत तसेच, पाठ ताठ, उजवा कान जरा पुढे, अंगठा बटणावर तयार. बाहेर डॉक्टर एकेक कळ दाबत होते. काचेपलीकडून कौसल्याबाई बघत होत्या. डॉक्टरांनी कळ दाबली. अंगठा हलला नाही. पुन्हा दाबली, नाही. धर्मपाल मान तिरकी करून, अगदी मन लावून, येणाऱ्या आवाजाची वाट बघत होते. आवाज येऊन येऊन जात होता. कौसल्याबाईंना ते बघवेना, म्हणून त्या पंख्याकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी कागदावर एक रेघ दाखवली. ती थोडी सरळ चालून खाणीच्या कड्यासारखी खाली गेली होती. “बारीक, वरचे आवाज गेलेत. मशीनजवळ नोकरी होती का? उजवा जास्त गेलाय. सारखा आवाजाच्या बाजूला असणार.”

धर्मपालांनी मान हलवली. एकतीस वर्षे खिडकी उजव्या हाताला होती.

परतीच्या एसटीत तीन तास ते समोरून येणारे ट्रक बघत होते. उतरायच्या आधी एवढेच म्हणाले, “कमिटीले काय सांगाचं?”

कौसल्याबाईंनी कागदाची घडी करून पिशवीत भाजीखाली ठेवली. “तुमी कायले सांगता? कान माये तपासाले गेलतो आपण.”

सातव्या दिवशी अंतिम बैठक भरली. मुदत संध्याकाळी सातला संपत होती, म्हणून रजत खबरदारी म्हणून परतीचा फॉर्मही घेऊन आला होता. फॉर्म टीपॉयवर होता, छापील ओळ वर. बाकावरची तीन-चार मंडळी निरीक्षक म्हणून दारात उभी होती. धर्मपाल यंत्राच्या एकुलत्या बटणाकडे बघत होते.

“वहिनी,” लालसिंग म्हणाला, “डाक्टर काय म्हने मंग?”

सगळे कौसल्याबाईंकडे बघू लागले. धर्मपाल सोडून.

“मळ होता म्हने कानात,” कौसल्याबाई म्हणाल्या. “काढला त्यायनं. लावा तुमचा ट्रक.”

ट्रक लागला. रिकामा, मग भरलेला. या वेळी कौसल्याबाईंनी पदर सावरून डोळे मिटले, विमलताईंसारखी मान डोलावली आणि चिठ्ठी लिहिली. रजतने ती मोठ्याने वाचली: “साडेचार किलो!” दारात टाळ्या वाजल्या. विमलताई म्हणाल्या, “मळ किती वाईट असतो, नाही?” रजतने फॉर्म घडी करून खिशात घातला.

मंडळी गेल्यावर धर्मपाल बराच वेळ खुर्चीत बसून होते. संसाराच्या छत्तीस वर्षांत कौसल्याबाई त्यांच्याशी पुष्कळदा भांडल्या होत्या, पण खोटे कधी बोलल्या नव्हत्या. पहिले खोटे त्यांनी चार माणसांसमोर, लेखी आणि किलोत दिले होते.

“जास्त लिहिलं तू,” ते म्हणाले.

“तुमी किती लिहिलं होतं?”

“तीन.”

“ते बी जास्तच होतं,” कौसल्याबाई म्हणाल्या, आणि भाजी निवडायला गेल्या.

अहवाल तयार झाला. निष्कर्ष: प्रीॲम्पमुळे आवाजात निव्वळ तीन किलो आठशे ग्रॅमची वाढ, एकमताने. पुढच्या आठवड्यात धर्मपालांनी गुपचूप कानाचे यंत्र आणले. (समितीच्या भाषेत तोही एक प्रीॲम्पच, फक्त तो कानाच्या आधी बसतो.) ते लावून त्यांनी ट्रक पुन्हा ऐकला. ड्रायव्हर खरोखरच दोनदा थुंकत होता. प्रीॲम्पसह आणि प्रीॲम्पविना, दोन्हीकडे सारखाच. हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही.

अहवालाची कीर्ती झाल्यापासून दर रविवारी चार वाजता बाहेरची मंडळी यंत्र ऐकायला येतात. दारव्ह्याहून आली, राळेगावहून आली, एक गृहस्थ थेट नागपूरहून आले. अशा पाहुण्यांसाठी एक वही घातली आहे. आता हे वाचता वाचता तुम्ही मनाशी म्हणाला असाल की आपण असतो तर सरळ शून्य लिहून मोकळे झालो असतो. आजवर आलेले एकोणीस जण असेच म्हणून आले होते; दोघांनी तर तसे रस्त्यात ओरडून सांगितले होते. मग ते त्या खुर्चीत बसले. समोर धर्मपाल कानाला हात लावून, तुमच्या तोंडाकडे बघत. दारात कौसल्याबाई, चहाचा कप घेऊन, त्याही तुमच्याच तोंडाकडे बघत. एकोणीस जणांची सरासरी चार किलो शंभर ग्रॅम आहे. विसावी ओळ आखून ठेवलेली आहे. येताना आपला पेन आणावा.