वामनकाकांचा समाजवाद

आमच्या शिरगावात वामनकाका तामोरे यांच्या घरातली एकही वस्तू त्यांची स्वतःची नाही. शिडी, पहार, सायकल, सगळ्यांवर लाल ऑइलपेंटनं ‘सर्वांची’ असं लिहिलेलं आहे. मोठ्या पातेल्यावरही ‘सर्वांची’च, काकांच्या मते व्याकरण मालक लोकांनी केलेलं आहे. एकदा सायकल तीन दिवस गायब झाली. पोलिसांत जा म्हटलं, तर म्हणाले, “कुणाविरुद्ध? नेली तो पण सर्वांतलाच हाय ना?” चौथ्या दिवशी ती मनोरच्या बाजारात पंक्चर होऊन सापडली. काका ती टेम्पोत घालून घेऊन आले आणि वर खूश, की कुणाच्या तरी कामाला आली.

मी त्यांची शेजारीण, पालघरच्या शाळेत शिकवते. काकांनी उमेदीची वर्षं बोईसरच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढली, युनियन चालवली. त्यामुळे बोलणं शिरगावचं आणि भाषण बोईसरचं. कुठलाही विषय निघाला की आधी बोट वर जातं आणि मग “देखो भाई, मुद्दा समज लो.” समोर एकटी मी असले तरी मीही ‘भाई’च.

रोज संध्याकाळी ते निवृत्त शिक्षक मेहेर सरांच्या ओट्यावर वाद घालायला जातात. सर उदारमतवादी. ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं जगावं, कुणी कुणावर जबरदस्ती करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. काकांनी एकदा मला फरक समजावला. “सर म्हणतात, कुणाला अडवू नका. आमी म्हणतो, अडलेल्याला हात द्या.”

“आणि त्याला तुमचा हात नको असला तर?” सरांनी शांतपणे विचारलं.

काकांनी सरांचाच चहा ओढून घेतला.

यंदाच्या मेअखेरीस तो प्रश्न खरोखरचा उभा राहिला. पावसाळ्याआधी मोठ्या भरतीला होड्या किनाऱ्यावर वर ओढाव्या लागतात. अलीकडे जो तो गावातला एकुलता ट्रॅक्टर आपापल्यापुरता ठरवतो. यंदा ट्रॅक्टर ऐन वेळी बंद पडला, आणि हवामान बिघडणार अशी खबर आलेली. काका घरोघर फिरले. सगळ्यांनी मिळून सगळ्यांच्या होड्या हातानं ओढायच्या, असं ठरलं.

फक्त येसूबाई नाही म्हणाली. नवरा गेल्यापासून दोन खलाशी घेऊन ती होडी चालवते आणि बोईसरच्या बाजारात मासे विकते. नवरा गेला तेव्हा लोकांनी मदत केली होती आणि मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक भांडणात तिला ती ऐकवली होती. “मला कुणाचे उपकार नको,” ती म्हणाली. “माझं मी बघून घेईन.”

काका दोन दिवस तिला मुद्दा समजावत राहिले. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगणात आवाज चढवून तिला हट्टी म्हणाले. तिनं दार लावून घेतलं. सर म्हणाले, तिचा हक्क आहे, सोडून द्या. “तिचा हक्क होडीसकट वाहून जाईल,” काका म्हणाले, आणि चहा न घेताच उठले. चहा सोडून उठलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन पुन्हा तिच्या दारात गेले. बोट वर गेलं नाही.

“येसू, काल मी चुकलो,” ते म्हणाले. “आज द्यायला नाय आलो, मागायला आलो. माणसं हायत, दोर हायत. पण हाळी देणारं कुणी नाय. एका दमात ओढलं नाय तर होडी जागची हलत नाय. तुझा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जातो.”

ती उंबऱ्याबाहेर आली. “आणि माझी होडी?”

“रांगेत सातवी हाय. तुझी म्हणून नाय. सातवी म्हणून.”

दुपारी भरतीला अख्खं गाव दोराला लागलं. मेहेर सरही धोतर खोचून आले. आपण स्वेच्छेनं आलो आहोत, हे त्यांनी तिघांना सांगितलं. येसूबाई वाळूच्या उंचवट्यावर उभी राहिली आणि तिनं पहिली ‘हैसा’ दिली. दोर एकदम ताठ झाला. तिच्या आवाजावर एकेक होडी लाकडी ओंडक्यांवरून वर सरकत गेली. सातवी आली तेव्हाही तिचा आवाज थांबला नाही. शेवटची होडी वर येईपर्यंत थांबला नाही.

मग सगळे जेवायला आपापल्या घरी गेले. काका मागे राहून गुंडाळलेला दोर पुन्हा गुंडाळत बसले, म्हणून मीही थांबले. काकी गेल्याला पाच वर्षं झाली, मुलगी सुरतेला. दुपारचं ते चहात पाव बुडवून भागवतात, हे मला शेजारची म्हणून ठाऊक. एवढ्या सभा, एवढी भाषणं, पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

येसूबाई परत आली. “काका, जेवायला चला.”

“नको, कशाला तुला त्रास,” काका घाईघाईनं म्हणाले. “माझं मी बघून घेईन.”

“त्रास नाय. भात जास्त झालाय, माणसं कमी हायत.” ती तिथेच उभी राहिली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

तिच्या ओसरीवर तिचे खलाशी धरून आम्ही पाचसहा जण बसलो. काका सगळ्यांत शेवटी बसले. येसूबाईनं भात वाढला, वर बोंबलाचं कालवण घातलं, पुन्हा भात वाढला. काकांनी एकदाही ‘पुरे’ म्हटलं नाही.