बडीशेपेचे वंशज

वाल्दोमार गावाच्या ग्रामसभेने ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर आणि जेवणाआधी, असा ठराव केला की इनोहोसा हे थोर आडनाव याच गावात जन्माला आलं. ठराव एकमताने मंजूर झाला. विरोध करायला गावात दुसऱ्या आडनावाचं कुणी नव्हतंच.

खरं तर सोरिया प्रांताच्या पाइन-रानातलं हे गाव तोवर आडनावावाचून सुखाने नांदत होतं. आडनाव लागायचं ते टपालाला आणि थडग्याला. एरवी प्रत्येक घराला गावाने दिलेलं नाव असायचं. सातुरिओचं घर बेडकांचं, कारण त्याचा पणजोबा विहिरीत पडला होता आणि उजाडेपर्यंत आतून ओरडत होता. शेजारच्या प्रिसिलाकाकूंचं घर चिमण्यांचं. आणि सरपंच एलादिओचं घर शेंबड्यांचं. निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा डोंगरापलीकडच्या गावांतही हाळी गेली होती, "शेंबड्यांचा एलादिओ आला!" तेव्हा आडनावाचा कळवळा सगळ्यांत आधी सरपंचालाच का आला, हे कळायला फार शिकावं लागत नाही.

त्यात सरकारची 'उगमस्थान' योजना आली. आपण एखाद्या आडनावाचं मूळ गाव आहोत हे सिद्ध करणाऱ्या गावाला वेशीवर एक निळी पाटी मिळणार होती. पाटी लागली की जगभरातून त्या आडनावाची माणसं येतात, गहिवरतात, जेवतात आणि जाताना चीज विकत घेतात, असं योजनेच्या पुस्तिकेत रंगीत चित्रांसह दिलं होतं.

पुरावे गोळा करायला बायादोलिदहून वंशशास्त्रज्ञ बोलावले, डॉन लेओविहिल्दो. इथे डॉन म्हणजे श्रीयुत. त्यांनी भिंग काढलं, गाव पालथं घातलं आणि सरपंचाच्या कचेरीत येऊन निर्वाळा दिला.

"इनोहो म्हणजे बडीशेप. रानबडीशेप जिथे माजते, त्या जागेवरून हे नाव पडलं. तुमचे पूर्वज बडीशेपेच्या झुडपांत राहात होते."

सरपंचाचा चेहरा उतरला. "झुडपांत? का बरं?"

"बहुधा दुसरीकडे कुणी राहू देत नसेल."

"त्यात एखादा सरदार नाही का निघत?"

"निघतो की," डॉन लेओविहिल्दो भिंग पुसत म्हणाले. "पण त्याला आणखी एक आठवडा लागेल."

आठवड्याने सरदार निघाला. तो शत्रूच्या वाटेवर बडीशेपेत दबा धरून बसला होता आणि ऐन वेळी उठला होता. सरपंचाच्या दारावरच्या, कुलचिन्हाच्या दगडी ढालीवर पावसाने झिजलेलं एक जनावर होतं. गाव त्याला डुक्कर समजत आलं होतं. डॉन लेओविहिल्दोंनी ते सिंह ठरवलं. मान वर होती, एवढा पुरावा त्यांना पुरला. मग कचेरीच्या दारात कुंपण घालून बडीशेपेचं एक रोप समारंभाने लावलं. तीच बडीशेप वेशीपासून ओढ्यापर्यंत बांधाबांधावर पिवळ्या छत्र्या उघडून वाऱ्याशी डोलत होती. पण ती बिनसरकारी.

इथपर्यंत सारं गोड होतं. मग प्रश्न निघाला, आडनाव लिहायचं कसं?

गावात त्याच्या चार तऱ्हा होत्या. कुणी आरंभी एच लावी. तो लिहायचा असतो, बोलायचा नसतो. कुणी तो गाळून थेट आय लिही, कुणी वाय. आणि प्रिसिलाकाकू एकट्याच जुन्या वळणाचा एफ लावून फिनोहोसा म्हणवत. या तऱ्हांमागे कुठलाही इतिहास नव्हता. एका पाद्रीबाबांना एच आवडायचा, दुसऱ्यांना दिसायचा नाही, तिसरे सकाळीच वाइन घ्यायचे. सातुरिओच्या घराण्याचा एच तर थडग्याने खाल्ला. त्याच्या वडिलांची शिळा अरुंद निघाली, पाथरवटाने पहिलं अक्षर सोडून दिलं आणि पुढच्या पिढीने शिळेवर वाचलं तसं लिहिलं.

डॉन लेओविहिल्दोंनी शास्त्रशुद्ध निकाल दिला. एफ सर्वांत जुना, म्हणून कालबाह्य. आय आणि वाय अपुरे. एच तेवढा अस्सल. सरपंचाच्या आडनावाला एच होता, हा निव्वळ योगायोग.

सातुरिओने यावर खांदे उडवले असते. पण नोव्हेंबर जवळ आला होता आणि नोव्हेंबरात पाइन वाटले जातात.

वाल्दोमारचं रान कुणा एकाच्या मालकीचं नाही. जुन्या राजाने सनद दिली, तेव्हापासून दर वर्षी तोडणीचे पाइन निवडून, चिठ्ठ्या टाकून घरोघर वाटतात. त्या वाट्याला गाव 'नशीब' म्हणतं. "औंदा आमचं नशीब ओढ्यापल्याड पडलं," असं लोक म्हणतात आणि कुऱ्हाडीला धार लावतात. सनदेत लिहिलंय, पाइन 'या नावाच्या लेकरांना' द्यावेत. ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो तो या नावाचा, असा अर्थ आजवर सगळे लावत आले होते. आता नाव म्हणजे काय ते शास्त्राने ठरलं होतं.

आणि सातुरिओला या वर्षी नशीब हवंच होतं. वरच्या मजल्याचं आढं कुजलं होतं. खालून पाहिलं तर चांदण्या दिसत. त्याची मुलगी नुनिला सारागोसाचं भाड्याचं घर सोडून नवऱ्यासह माघारी येणार होती, पोटुशी. रोज तिचा फोन.

"बाबा, बाळ ऐन थंडीत येणार. वरची खोली होईल ना? नाहीतर आम्ही इथेच राहतो. खोटं नका सांगू."

"होईल गं पोरी. पाइन पडले की आढी टाकतो, बर्फाच्या आत."

चिठ्ठ्यांच्या यादीत मात्र त्याचं नाव नव्हतं. तो तडक कचेरीत गेला. सचिव आंपारो त्याच्या लेकीची बालमैत्रीण.

"सातुरिओकाका, तुमच्यात एच नाही हो."

"एच बोलतात का?"

"नाही."

"ऐकू येतो?"

"नाही."

"मग माझ्यात कमी काय आहे?"

"जे बोलत नाहीत आणि ऐकू येत नाही, ते." आंपारोने खाली मान घातली. "मलाच कसंतरी होतंय, काका. पण अर्ज करता येईल. एच पूर्वी होता आणि निष्काळजीपणाने पडला, असं लिहायचं. ज्याने पाडला त्याची कबुली जोडायची."

"पाथरवटाने पाडला. तो वारला."

"मग त्याने हयातीत द्यायला हवी होती."

घरी परतताना प्रिसिलाकाकूंनी बांधावरून हाक मारली. शेळ्या बडीशेप ओरबाडत होत्या. "काय रे बेडका, तोंड एवढंसं का?" त्याने सांगितलं. काकू पोटभर हसल्या. "अक्षर नसलं म्हणून छप्पर गळायचं थांबतंय का? माझ्या वाट्याचे पाइन घे. मला मेलीला चुलीपुरत्या काटक्या बास." आणि पदराआडून काढल्यासारखा चीजचा गड्डा त्याच्या हातावर ठेवला. काकूंना अजून कुणी सांगितलंच नव्हतं की त्या कालबाह्य आहेत.

एचवाल्यांना लवकरच वेगळीच टोचणी लागली. एच अस्सल खरा, पण बोलण्यात कळत नाही. चारचौघांत अस्सल माणूस आणि अपुरा माणूस सारखेच ऐकू येतात. मग नियम निघाला. एचवाल्याचं आडनाव घेण्याआधी किंचित थांबावं. ती शांतता म्हणजेच एच. चर्चमध्ये पाद्रीबाबा नावं वाचताना थांबू लागले. अशाच एका शांततेत म्हातारा फिदेन्सिओ खोकला, तर 'एचचा अनधिकृत उच्चार' केल्याबद्दल त्याला समज देण्यात आली. गुत्त्यात हाक मारायची तरी लोक आधी थांबत, तोवर तळलेलं डुकराचं मांस गार होई.

मग एचवाल्यांत आपसांत जुंपली. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक बापाचं, एक आईचं. डॉन लेओविहिल्दोंना विचारलं तर ते म्हणाले, शास्त्र म्हणतं दोन्ही बाजूंनी एच असावा. पाहिलं, तर सरपंचाची आईच आयवाली.

"आईला मी लहानपणापासून ओळखतो!" सरपंच ओरडला. "ती कधी काही बोलली नाही!"

"एच बोलत नसतोच," डॉन लेओविहिल्दो म्हणाले.

अशी चाळण लावत गेल्यावर दोन्ही बाजूंनी अस्सल असा एकच रहिवासी उरला, निकोमेदेस. सातुरिओचा सख्खा चुलता. त्याने जिवंतपणीच भलीरुंद शिळा करून घेतली होती. दोन्ही एच ऐसपैस मावले होते. अडचण म्हणावी तर एकच, तो त्या शिळेखाली होता. पण कचेरीत तो अजून रहिवासीच होता. त्याच्या मयताला सारं गाव गेलं होतं, मग तो गेल्याचं कळवायचं कुणी आणि कुणाला?

नियमाप्रमाणे रानातले सगळे पाइन निकोमेदेसला लागले. नियमाप्रमाणेच ते त्याच्या राहत्या पत्त्यावर पोचवण्यात आले. कबरस्तानाच्या फाटकापाशी ओंडक्यांची रास चर्चच्या घंटेएवढी उंच झाली. गावातल्या चुली विझू लागल्या. सातुरिओ रोज जाऊन चुलत्याच्या दाराशी पडलेली ती सरळसोट खोडं बघे, त्यांच्या डिंकाचा वास छातीत भरून घेई आणि परत येऊन चांदण्यांखाली बादली ठेवी.

"मी सख्खा पुतण्या आहे," त्याने कचेरीत सांगून पाहिलं.

"त्यांना एच, तुम्हाला नाही," आंपारो म्हणाली. "कागदावर तुमचं काही नातं लागत नाही, काका."

आणि तेवढ्यात पाहुण्यांचं पत्र आलं. मेक्सिको, अर्जेंटिना, फिलिपिन्स, कुठकुठले इनोहोसा येत्या रविवारी मूळ गावाला भेट देणार होते. त्यांची एकच इच्छा होती, मूळ घराण्यातल्या जिवंत वारसाला मिठी मारायची.

त्याच संध्याकाळी सरपंच स्वतः वाइनची बाटली घेऊन बेडकांच्या दारी आला.

"सातुरिओ, अरे आपण एकाच शाळेतले."

"तू कोण? आधी थांबायचं की नाही तुझ्यासाठी, तेवढं सांग."

"टोमणे मार, मार. पण ऐक. पाहुणे मिठी मारणार कुणाला? थडग्याला? तू निकोमेदेसचा पुतण्या आहेस हे ग्रामसभा मान्य करते."

"माझ्यात एच नाही."

"देऊ! दोन देऊ!"

सातुरिओने सावकाश ग्लास भरला. वर छतातून एक थेंब त्यात पडला. "मला आढी हवीत. उद्याच्या उद्या."

"चुलत्याचं लाकूड पुतण्याचंच. बैल लावतो."

दुसऱ्या दिवशी आढी आली. शनिवारपर्यंत छप्पर बसलं. रविवारी पाहुण्यांनी सातुरिओला एवढ्या मिठ्या मारल्या की त्याच्या फासळ्या दुखल्या. मेक्सिकोतल्या मॉन्तेर्रेची एक बाई त्याच्या खांद्यावर रडली. "हेच ते डोळे!" ती म्हणाली. सातुरिओला पहिल्यांदाच वाटलं, आपल्या डोळ्यांत काहीतरी असावं. डिसेंबरात नुनिला आली, त्याच छपराखाली मुलगा झाला आणि आजोबाने स्वतः हजर राहून त्याच्या आईकडच्या आडनावाआधी ठळक एच घालायला लावला.

"कशाला बाबा?"

"असू दे गं. पुढेमागे उपयोगी पडतो."

उरलेलं लाकूड वाटायला समिती नेमली. अध्यक्ष म्हणून वारसदार सातुरिओ बसला. बर्फ पडायला लागलं तसं एके सकाळी प्रिसिलाकाकू डोक्यावरची शाल झटकत आत आल्या.

"अरे बेडका, चार ओंडके दे बाबा. चूल थंड आहे, शेळ्यासुद्धा कुडकुडतायत. त्यातल्या एकीने ते दारातलं सरकारी रोप खाल्लं म्हणून तुझे लोक ओरडतायत, ते नंतर बघू."

सातुरिओने कागद पाहिला. आजवर तो त्यांना काकू म्हणत आला होता.

"प्रिसिलाबाई," तो म्हणाला, "तुमचा एफ आहे. नियम मी केलेला नाही."

काकूंनी पुढे होऊन त्याच्या कागदात डोकावून पाहिलं.

"आणि इथे अध्यक्षांना बेडूक म्हणत नाहीत," तो नजर चुकवून म्हणाला. "आडनाव घ्यायचं. आधी थोडं थांबून."

काकू थांबल्या. बाहेर बर्फ पडत होतं, त्याचा आवाज येत नव्हता. त्या थांबल्या त्या थांबल्याच, आणि पुढचं नाव न घेताच शाल ओढून निघून गेल्या. मागे कचेरीत कितीतरी वेळ नुसता एच भरून राहिला.

वाल्दोमारच्या लोकांना हसायला यात भरपूर आहे, खुशाल हसा. फक्त नवा शेजारी राहायला आला की तुम्ही त्याला नाव विचारता, तो नुसतं नाव सांगतो, तुम्ही "हो, पण पूर्ण नाव?" म्हणता आणि चहाचा कप हातात तसाच धरून थांबता. त्या थांबण्यात जे ऐकू येत नाही ना, ते वाल्दोमारहूनच आलेलं असतं असं नाही.