पट्टीने आखलेली हद्द

विभागाचे दोन तुकडे करायचे ठरलं, तेव्हा नकाशावर हद्द आखायचं काम हेडक्लार्ककडे आलं. हद्द ओढ्याच्या काठाकाठाने न्यावी, असं फाइलीत स्वच्छ लिहिलं होतं. पण ओढा मेला वाकडातिकडा, आणि जेवणाची सुट्टी दहा मिनिटांवर. हेडक्लार्कने स्टीलची पट्टी ठेवली, पेन्सिल ओढली आणि डबा उघडला. अकरा लाख माणसांची वाटणी भाजी गार व्हायच्या आत उरकली.

महिन्याभरात शिरगणती सुरू झाली. मोजणीवाल्या मास्तरीणबाई नकाशा घेऊन थेट त्याच्याच घरी आल्या, बाहेरच्या खोलीतून आत जाता जाता उंबऱ्यावर थबकल्या आणि म्हणाल्या, "हद्द इथून जाते. ही बाहेरची खोली पश्चिम विभाग, आतली पूर्व."

हेडक्लार्कचं टाळकं सरकलं. "कुठल्या गाढवाने आखली ही?"

"खाली सही तुमचीच आहे."

(सही मात्र वळणदार होती.)

"माणूस झोपतो तिथे मोजायचा, असा नियम आहे. तुम्ही कुठे झोपता?"

तो तोंड उघडणार तोच आतून बायको म्हणाली, "ते बाहेर झोपतात. मी आणि मुली आत. घोरण्याने फळीवरचे डबे सरकतात हो बाई. परवा पिठाचा खाली आला."

बाईंनी लिहून घेतलं. पश्चिम विभाग : एकटा इसम. पूर्व विभाग : कुटुंबप्रमुख स्त्री, सोबत दोन मुली.

इथवर तो नुसता धुमसत होता. चौथ्या दिवशी बदल्यांची यादी लागली आणि भडकाच उडाला. ज्याचं कुटुंब सोबत नाही त्याला डोंगरापलीकडच्या नव्या कचेरीत धाडायचं होतं, आणि यादीत पहिलं नाव त्याचं. (हा नियमही त्यानेच सुचवलेला. टायपिस्ट बिनलग्नाचा होता आणि उलट बोलायचा.)

तो तणतणत साहेबांकडे गेला. "साहेब, मला बायको आहे."

"असेल. पण ती दुसऱ्या विभागात आहे."

"मधे फक्त उंबरा आहे, साहेब."

"मग ओलांडा की. तुम्ही आत झोपता असं तुमच्या बायकोने लिहून दिलं, तर नाव काढतो."

घरी येऊन त्याने चपला भिरकावल्या. "लिहून दे."

"खोटं लिहू?"

"अगं, तिथे धड वीज नाही, पाणी दोन मैलांवर. मी एकटा मरेन तिकडे."

"आणि तुम्ही आत झोपलात तर आम्ही तिघी मरू इकडे."

मग तो असा बरसला की शेजाऱ्यांनी रेडिओ बंद करून ऐकलं. कुणामुळे चूल पेटते, कुणी रक्ताचं पाणी केलं, सगळं निघालं. बायको शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटची घडी ठेवून म्हणाली, "आणा गादी आत. पण रोज खरंच आत झोपायचं. खोट्या कागदावर मी सही करणार नाही."

सोमवारी नाव कटलं. टायपिस्टचं वर चढलं. हेडक्लार्कने दिवसभरात तीनदा त्याच्या टेबलाशी जाऊन डोंगरावरच्या हवेचं कौतुक केलं.

गुरुवारी टपाल फोडताना त्याच्या हातात एक अर्ज आला. नेटका टाइप केलेला.

'आम्ही पूर्व विभागाचे रहिवासी विनंती करतो की, आमची लोकसंख्या एकाने वाढल्यापासून तीन रात्री कुणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. तरी सदर इसमास पश्चिम विभागात अथवा डोंगरापलीकडे, जिथे लवकर पोचेल तिथे, पाठवावे.'

खाली बायकोची सही, दोन्ही मुलींच्या सह्या (धाकटीची रंगीत खडूने), आणि भिंतीपलीकडच्या अख्ख्या बिऱ्हाडाचे अंगठे.

त्याने मान वर केली, तर टायपिस्ट समोर उभा. "वहिनींना म्हटलं, तुमच्याकडून टायपिंगचे पैसे नको. शिक्का मारताय ना? साहेब वाट बघताहेत."

हेडक्लार्कने शिक्का असा आपटला की शाईची डबी उडाली. तासाभरात अर्ज परत आला. साहेबांचा शेरा होता : 'लोकभावना तीव्र आहे. मान्य.'