आगाऊ गुंतागुंत

धोका आधी कळला की निम्मा टळतो, असे जाणती माणसे सांगतात. उरलेला निम्मा फाइलला लावावा लागतो, आणि त्या कामात या रुग्णालयाच्या हृदयविभागाचा हात धरणारे दुसरे कोणी नव्हते.

विभागात रक्तवाहिनीचे आतून चित्र काढणारे यंत्र होते. सुतळीहून बारीक नळी आत जाई आणि नसेच्या भिंती पडद्यावर दिसत. ते चित्र वाचणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ताई म्हणत. बायपासच्या जुन्या नसेत स्टेंट बसवताना गाळ सुटून पुढे अडकेल का, हे ताई आधीच सांगत. अकरा महिन्यांत त्यांनी एकोणीस वेळा धोका सांगितला, सतरा वेळा तो खरा ठरला. (सतरांपैकी चौघे त्याची ग्वाही द्यायला उरले नाहीत.) विभागाला याचा रास्त अभिमान होता.

सुटलेला गाळ पकडायला छत्रीसारखी उघडणारी इवलीशी जाळीही होती. ती कपाटात सुखरूप होती. मौल्यवान साहित्य वाया जाऊ नये म्हणून नियम असा, की जाळी गुंतागुंत झालेल्या रुग्णालाच द्यावी, आणि गुंतागुंतीचा दाखला ती झाल्यावर भरावा. नियमात खोट काढायला जागा नव्हती. जाळ्या नव्या कोऱ्या राहिल्या होत्या.

एका मंगळवारी टेबलावर शिंपीकाका आले. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या पायातली नस काढून हृदयाला जोडली होती. ताईंनी चित्र पुन्हा मागे नेऊन पाहिले. भिंतीला लोण्यासारखा गाळ लागला होता. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी मनापासून शाबासकी दिली, ‘धोका अतितीव्र’ असे लिहून घेतले आणि स्टेंट मागवला.

काका जागेच होते. काय दिसतंय, असे त्यांनी विचारले.

"आतलं अस्तर विरलंय, काका."

"विरलेल्या कापडाला खालून पट्टी लावल्याशिवाय मी सुई घालत नाही," काका म्हणाले. "तुमच्याकडे पट्टी नाही का?"

कपाटात आहे, हे ताईंना सांगवेना. सतरा वेळा त्यांचे म्हणणे खरे ठरले होते, आणि सतराही वेळा त्या घरी जाऊन नीट जेवल्या होत्या.

त्या तडक भांडारात गेल्या आणि दाखला भरला: गुंतागुंत झाली, वेळ दहा चाळीस. तेव्हा दहा पंचवीस झाले होते. भांडारप्रमुखांनी घड्याळ पाहिले, दाखला पाहिला, मग शिक्का पाहिला. शिक्का ठळक होता. जाळी मिळाली.

आयती आली म्हणून डॉक्टरांनी ती वापरली. चिमूटभर गाळ सुटला तो जाळीत सापडला. तिसऱ्या दिवशी काका आपल्या पायांनी घरी गेले.

मग चौकशी बसली. गुंतागुंत दाखल्यावर होती, रुग्णावर नव्हती. दोघांपैकी एकाला दुरुस्त करणे भाग होते. दाखल्यात खाडाखोडीला मनाई असल्याने रुग्ण दुरुस्त करण्यात आला. आपल्या पतीची प्रकृती चिंताजनक आहे, असे पत्र काकूंना गेले. चष्मा सापडेना म्हणून काकूंनी ते काकांकडूनच वाचून घेतले. काकांनी मशीन थांबवून पत्र दोनदा वाचले, माप दुसऱ्याचं दिसतंय म्हणाले, आणि पुन्हा शिवायला बसले.

नोकरी जाणार म्हणून ताईंनी खण आवरून ठेवला होता. ती गेली नाही. काकांची नोंद धरून भाकितांची अचूकता वाढल्याने उलट त्यांचा सत्कार झाला. तेव्हापासून त्या दाखले आधीच भरू लागल्या. वर्षात तेवीस जाळ्या गेल्या, तेवीस माणसे चालत घरी गेली, आणि सर्वांत जास्त गुंतागुंती होणारे म्हणून वार्षिक तक्त्यात रुग्णालय पार तळाला गेले.

पलीकडच्या गल्लीतल्या रुग्णालयात असे यंत्रच नाही. त्यामुळे तिथे धोका कधी आढळत नाही, आणि माणूस दगावला तर तो वयोमानाने दगावतो. तुमच्या वडिलांची नस तुंबली तेव्हा तुम्ही दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून शांतपणे वाचलेत, आणि शिकल्यासवरल्या माणसाला शोभेल असे पलीकडचे निवडलेत.