एक बॉल सोडून सर्व काही

आमच्या इमारतीसमोरच्या शाळेत मुलींचं एक क्रीडा मंडळ आहे. शाळा सुटल्यावर त्या तिथे फुटबॉल खेळतात. फुटबॉल नाही, एवढी एकच अडचण सोडली तर संघ अगदी तयार आहे. जुने मोजे एकात एक कोंबून मुलींनी एक गोळा केला होता आणि लाथ मारल्यावर तो जाईल तेवढ्यावर त्या खूश होत्या. खूश नव्हतं ते शिक्षण खातं. खात्याने कळवलं की, या सत्रात बाहेरच्या संघाशी, खऱ्या बॉलने, एक संपूर्ण सामना झाला नाही तर मंडळ बंद करून तो तास शुद्धलेखनाला देण्यात येईल.

हे कानावर आलं आणि माझं मन द्रवलं. समोर एवढा अन्याय चाललाय आणि आपण गॅलरीत बसून चहा पितोय, हे मला पटेना. मी चहा घेऊन खाली आलो आणि मदत समिती स्थापन केली. अध्यक्षपद माझ्याकडे आलं, कारण मी सगळ्यात आधी आलो होतो.

पहिल्या सभेला शाळेतल्या खेळाच्या बाई आल्या. "एक बॉल मिळाला तर फार बरं होईल," त्या म्हणाल्या.

"एकच?" मी म्हणालो. "अहो बाई, मागायचंच तर भरपूर मागा. एवढी मोठी इमारत, आणि दिलं काय, तर एक बॉल! आमची काही इभ्रत आहे की नाही?"

"पण आम्हाला बॉलच हवाय."

"क्रीडासाहित्य," मी दुरुस्ती केली आणि ठराव मंजूर झाला.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या विमावाल्यांनी विचारलं, "शाळेकडे आधी बॉल होते ना? ते कुठे गेले?"

"भिंतीवरून उडाले," बाई म्हणाल्या. "इकडेच आले सगळे."

विमावाल्यांनी चष्मा पुसायला घेतला. डॉक्टरीणबाईंना घरी दूध उतू जात असल्याची आठवण झाली. मी आभार मानून सभा संपवली.

लोकांनी मात्र हात आखडता घेतला नाही. आठवडाभरात व्यायामाची सायकल आली. तिच्यावर इतकी वर्षं टॉवेल वाळत घातलेले असल्यामुळे ती कपड्यांच्या साबणाचा मंद वास देत होती. जाळी नसलेल्या रॅकेटी आल्या. टेबल टेनिसचं अर्धं टेबल आलं. उरलेल्या अर्ध्यावर विमावाल्यांच्या सूनबाई इस्त्री करतात. डॉक्टरीणबाईंनी पोट कमी करणारा थरथरता पट्टा दिला आणि जाता जाता स्वतःच्या पोटाकडे बघून उसासा टाकला. एकाने मासे पकडायचा गळ दिला. बॉल कोणीच दिला नाही. घरात पडून असलेल्या वस्तूंमध्ये बॉल नसतोच, असा समितीचा निष्कर्ष निघाला.

शाळेच्या वर्गांत बाकांनाच जागा पुरत नाही, त्यामुळे सगळं साहित्य मैदानात मांडलं. मांडणी दात्यांच्या भावना लक्षात घेऊन केली. दिलेली वस्तू आपल्या खिडकीतून दिसली पाहिजे, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

संघाची कप्तान, जिला सगळे चिमटी म्हणतात, माझ्याकडे आली. "काका, तो पट्टा जरा बाजूला घेऊ का? नेमका मधोमध आलाय."

"कोणाचा आहे तो?"

"डॉक्टरीणकाकूंचा."

"मग राहू दे. बाजूला घेतला तर त्यांना ओट्यापाशी उभं राहून दिसणार नाही."

"मग आम्ही खेळायचं कुठून?"

"मधून मधून," मी म्हणालो. मुलांना मार्ग दाखवावा लागतो.

अखेर सामन्याचा दिवस उजाडला. पाहुण्या शाळेने स्वतःचा बॉल आणला, तोही खरा, हवा भरलेला. खात्याचे साहेब खुर्ची टाकून बसले. मी गॅलरीतून पाहत होतो. आमच्या मुली त्या अडगळीतून अशा सळसळत पळत होत्या की ऊर भरून आला. पाहुण्यांची मात्र पुरती त्रेधा उडाली. त्यांची एक खेळाडू सायकलला धडकून तिची क्षमा मागत होती आणि दुसरीला पट्ट्यातून सोडवायला दोघींना यावं लागलं. साहेब टाळ्या वाजवत होते. शेवटची काही मिनिटं उरली होती. चिमटीने जीव खाऊन बॉल मारला, तो अर्ध्या टेबलावर आपटला, उंच उडाला आणि थेट माझ्या गॅलरीत आला.

आमच्या इमारतीत गॅलरीत आलेला बॉल परत जात नाही. यात राग नाही, द्वेष नाही. वळण लावण्याचा भाग आहे.

चिमटी धापा टाकत दारात उभी राहिली. "काका, बॉल."

"बाळा, नियम ठाऊक आहे ना?"

"काका, सामना थांबलाय. पूर्ण झाला नाही तर साहेब मंडळ बंद करतील. तुम्हीच ना अध्यक्ष?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते अध्यक्ष म्हणून आलं. बॉल मी रहिवासी म्हणून धरून ठेवला होता.

"अहो, देऊन टाका ना तिला," आतून ही ओरडली.

"आज दिला की उद्यापासून रोज दारात उभ्या!" मी म्हणालो आणि चिमटीच्या डोक्यावरून हात फिरवला. "समिती तुमच्या पाठीशी आहे. आणखी काय हवं ते निःसंकोच सांग. माझ्या मेहुण्यांकडे अजून एक सायकल आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात कृतज्ञता असावी, असं मी धरून चाललो. मग ती एकेक पायरी उतरत खाली गेली.

मी स्टूल आणून माळा उघडला. आधीचे बॉल तिथे होतेच, हवा जाऊन जरा बसके झालेले. त्यांना मागे सरकवून नव्याला जागा केली. खाली साहेबांची गाडी निघाल्याचा आवाज आला.

आता त्या तासाला मुली शुद्धलेखन लिहितात. साहित्य मैदानात सुरक्षित आहे आणि सर्व खिडक्यांतून उत्तम दिसतं. मात्र पाहुण्या शाळेकडेही आता बॉल उरलेला नाही. त्यांचं मंडळही बंद पडू नये म्हणून समितीने कार्यक्षेत्र वाढवलं आहे, आणि आमचा माणूस लवकरच तुमच्याकडे येईल. तुम्ही सढळ हाताने द्याल, याची खात्री आहे. फक्त माळ्यावरचं काढताना पुढचं पुढचं काढा. मागे कोपऱ्यात तुम्ही ते गोल गोल ठेवलं आहे ना, त्याला हात लावू नका. तो शिस्तीचा प्रश्न आहे.